मागची काच

चार कोपऱ्यांचे चार. मग चेसिस नंबर.
मग मीटर. मग बोनेट उघडून एक,
उघडत असेल तर.
एकवीस वर्षं विम्यासाठी मोडक्या गाड्यांचे फोटो काढतोय,
बुटीबोरीपासून मनसरपर्यंत.
फोटोत माणूस नको, असा कंपनीचा नियम.
माणसं येतातच. कुणाची चप्पल, कुणाची सावली,
दाराच्या पत्र्यात वाकडं झालेलं माझंच टक्कल.

लोकही काढतात. मला त्यांचा राग नाही.
कोंढाळीजवळ संत्र्यांचा ट्रक उलटला तेव्हा
एका हातानं पिशवी भरत होते, दुसऱ्यानं व्हिडिओ.
अंबाझरी ओसंडली त्या सकाळी
एकीवर एक बसलेल्या तीन गाड्या,
आणि गच्चीवरून कोणी ओरडला,
‘भाऊ, वरची माही हाय, तिचा नीट काढजा!’
सदरकडे एक टॉकीज पाडत होते.
शेवटी उरली ती पडद्याची भिंत, पांढरी.
तिच्यावर क्रेनची सावली हलायची
आणि रस्त्यावर पन्नासेक जण माना वर करून उभे,
इंटरव्हल झाल्यासारखे भजी खात.

टेका नाक्यावर रज्जाकभाईचा वाडगा आहे,
गाड्या तिथे सुट्या होतात.
तो सांगतो: ठोकलेली गाडी सरळ असते,
जे झालं ते दाखवते.
जळलेलीत विकण्यासारखं काही राहत नाही.
बुडालेली खोटारडी. चालू होते, महिनाभर चालते,
मग भर चौकात तोंड फिरवते.
आणि एक असते जिला काहीच झालेलं नसतं,
नुसती उभी राहून राहून संपलेली.
तिचे बोल्ट सगळ्यात कडक, म्हणतो.

फेब्रुवारीत तिथेच कुंदा हेडाऊ आल्या.
पांढरी व्हॅन, समोरून कंटेनर.
नवरा चालवत होता. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत,
मीही फॉर्ममध्ये जेवढं विचारायचं तेवढंच विचारलं.
मागची काच साबुदाण्यासारखी सांडली होती,
फक्त जिथे स्टिकर होता तिथले कण
डिंकाला धरून राहिले होते.
चि. ओजस.
मी म्हटलं, मुलगा?
‘नाही हो. जुन्या मालकाचा असल.
गाडी घेतली तवा होतं, आम्ही खरवडलं नाही.
सिग्नलवर, पंपावर लोक विचारत, ओजस काय करते?
हे म्हणत, दुसरीत गेला.
मग तिसरीत गेला.
नापास नाही केला कधी.’
आणि त्या हसल्या, म्हणजे हसायला गेल्या.

रज्जाकभाईनं हातोडा बाजूला ठेवला.
गादीच्या दुकानातून पुठ्ठा आणवला,
आणि ज्या हातानं तो इंजिनं उपटतो
त्या हातानं पातं घालत घालत
ती अक्षरं काचेच्या कणांसकट उचलली.
‘जस’ नीट आला.
‘ओ’चा काना सुटला, मातीत पडला.
तो बसून शोधत राहिला बराच वेळ,
इतक्या काचेत कोणती काच ओची,
कसं ओळखणार?
त्या म्हणाल्या, ‘राहू द्या, वाचता येते.’
पुठ्ठा साडीच्या पदरात धरून
कामठी रोडला ऑटोत बसल्या.
ऑटोवाल्याला म्हणाल्या, ‘हळू घेजो, खड्ड्यानं पडते.’

फोटो मी काढला होता त्याआधी, सतरावा.
जोडला नाही. फॉर्ममध्ये लिहिलं,
मागची काच: नाही.
अवशेष मूल्याच्या रकान्यात
नेहमीचा हिशोब, पत्रा किलोनं.

सव्वीस जूनला आपल्याकडे शाळा उघडल्या.
मी जामठ्याजवळ एका बसचा
तिसरा कोपरा घेत होतो.
बाजूनं एक स्कूलव्हॅन गेली, पोरं खिडकीत,
दोघांनी मोबाइल काढले.
कितवीत असेल आता, आलं मनात.
सहावीत की सातवीत,
त्यांनी सांगितलं नव्हतं
आणि मी विचारलं नव्हतं.
चौथा कोपरा काढायचा राहिला,
ऑफिसातून फोन आला त्यासाठी.